वडिलांचे पाय सुजतात, धाप लागते, नेमकं कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? आणि पाटीवरच्या डिग्र्या कशा वाचायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, देवगड तालुक्यात गावाला असतात, सोबत फक्त आई, तुम्ही डोंबिवलीला. दोन महिने झाले संध्याकाळी पाय सुजतात आणि घाटीची चढण चढताना धाप लागते. शेजारी म्हणतात किडनी असेल, मावसभाऊ म्हणतो हार्ट असेल. जवळच्या एका दवाखान्याच्या पाटीवर एमडी लिहिलेलं बघून तिकडे तीन वेळा दाखवलं आणि नंतर कळलं की ते एमडी होमिओपॅथीचं आहे. आता तुम्ही विचारताय की कोकणकन्येचं तिकीट काढून थेट मुंबईला किडनीवाल्याकडे आणू का, आणि हे सगळे डीएम, डीएनबी, एमसीएच वगैरे म्हणजे असतं तरी काय.

मी सिंधुदुर्गातच एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, साधा एमबीबीएस, त्याआधी ५ वर्षं पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. चिठ्ठी देऊन पेशंट पुढे पाठवणं हे माझं रोजचं काम, कधी ओरोसला जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात, कधी गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, कधी घाट चढून कोल्हापूरला. त्यामुळे कुठल्या तक्रारीला कोण डॉक्टर लागतो आणि चुकीच्या दारात गेलं की घरच्यांचे किती पैसे आणि किती दिवस जातात हे रोज डोळ्यासमोर बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी वडिलांचं बोलू, कारण डिग्र्यांचा अभ्यास नंतर झाला तरी चालेल. रात्री आडवं झाल्यावर धाप लागत असेल, दोन-तीन उशा घेऊन बसून झोपावं लागत असेल, झोपेतून गुदमरून उठत असतील, छातीत दुखत असेल किंवा लघवी एकदम कमी झाली असेल तर आजच्या आज जवळच्या हॉस्पिटलला न्या, तिथे कोण आहे ते बघत बसू नका, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल तर दोन-चार दिवस हाताशी आहेत आणि मग माझं उत्तर आहे एमडी मेडिसिन, म्हणजे आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो ते. किडनीवाला पण नको आणि हार्टवाला पण नको, निदान आत्ता तरी नको.

का ते सांगतो. पाय सुजायला हृदय कारण असू शकतं, किडनी असू शकते, लिव्हर असू शकतं, रक्त कमी असू शकतं, थायरॉईड असू शकतं, आणि कितीतरी वेळा कारण निघतं ती बीपीची गोळी. अम्लोडिपिन नावाची गोळी आपल्याकडे अर्ध्या म्हाताऱ्या माणसांना चालू असते आणि तिने पाय सुजतात, हे इतकं कॉमन आहे की सुजलेले पाय घेऊन कोणी आलं की मी पहिली गोळ्यांची पिशवी उघडतो. (गोळी मनाने बंद करायची नाही हं, बीपी उसळून वेगळंच होऊन बसेल, बदलून घ्यायची असते.) आता हाच माणूस थेट किडनीवाल्याकडे गेला तर ते किडनी तपासणार, रिपोर्ट नॉर्मल आले की म्हणणार माझ्याकडचं काही नाही, हार्टवाल्याकडे जा. त्यांची यात चूक नाही, त्यांचं शिक्षणच तेवढ्या एका अवयवाचं असतं. फिजिशियन हा सगळ्या शरीराचा एकत्र विचार करायला शिकलेला माणूस. बीपी, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, लिव्हरचे रिपोर्ट, थायरॉईड, ईसीजी, छातीचा एक्सरे आणि गरज पडली तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), एवढ्यात नव्वद टक्के चित्र स्पष्ट होतं आणि यातलं जवळपास सगळं तालुक्याला किंवा फार तर कणकवली-ओरोसला होतं. मग लघवीत प्रोटीन जातंय, क्रिएटिनिन वाढलंय असं दिसलं तर किडनीवाला, एकोत हृदयाचं पंपिंग कमी दिसलं तर हार्टवाला, आणि त्यांच्याकडे जाताना हातात कागद असतो, त्यामुळे पहिल्याच खेपेला काम होतं.

आता डिग्र्या. सगळ्यात खाली पाया असतो एमबीबीएस, साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर कोणी एका विषयात ३ वर्षं शिकला की तो एमडी किंवा एमएस. ढोबळमानाने औषधांनी बरं करणारे विषय एमडी आणि चाकू लागणारे विषय एमएस, म्हणजे मेडिसिन, बालरोग, त्वचा, मानसोपचार, छाती, भूल हे एमडी आणि जनरल सर्जरी, हाडं, डोळे, कान-नाक-घसा हे एमएस. बाळंतपणवाले दोन्ही असतात, कोणी एमडी लिहितो कोणी एमएस, फरक काही नाही. त्याच्याही पुढे आणखी ३ वर्षं एकाच अवयवाचं शिकलं की औषधवाल्यांना डीएम आणि सर्जनना एमसीएच मिळतं, यालाच सुपरस्पेशालिस्ट म्हणतात. बेरीज केलीत तर डीएम माणूस साडेअकरा वर्षं शिकलेला असतो, ती पण मधली एन्ट्रन्सची वर्षं सोडून.

डीएनबी बघून लोक नाक मुरडतात, हे एमडी नाहीत वाटतं म्हणतात. तसं अजिबात नाही. डीएनबी ही नॅशनल बोर्डाची परीक्षा, कायद्याने एमडी-एमएसच्या बरोबरीची, आणि पास व्हायला कठीण म्हणूनच आमच्यात तिचं नाव. सुपरस्पेशालिटीच्या डीएनबीला आता डीआरएनबी लिहितात, ती डीएम-एमसीएचच्या बरोबरीची. मग येतात डिप्लोमा, डीसीएच म्हणजे लहान मुलांचे, डीजीओ बाळंतपणाचे, डी ऑर्थो हाडांचे, डीओएमएस डोळ्यांचे, डीए भूल देणारे. हे २ वर्षांचे. मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, १९१२ सालचं, त्याचेही डिप्लोमा आणि एफसीपीएस ही फेलोशिप आपल्या भागात बऱ्याच जुन्या डॉक्टरांच्या नावापुढे दिसतील. कोकणातल्या तालुक्या-तालुक्यात ज्यांनी २५-३० वर्षं बाळंतपणं केली आणि पोरं वाचवली त्यातले कितीतरी डिप्लोमावालेच आहेत. माझ्या स्वतःच्या मुलांना डीसीएच झालेल्या मॅडमनीच वाढवलं आणि मला त्यांच्याहून चांगला बालरोगतज्ज्ञ अजून भेटला नाही. तेव्हा दोन वर्षं की तीन वर्षं यावर फार जीव काढू नका, विषय बरोबर आहे ना ते बघा.

तुमची जिथे फसगत झाली तो मुद्दा म्हणजे नुसतं एमडी. एमडी ही दोन अक्षरं एकटी काहीच सांगत नाहीत. आयुर्वेदात एमडी आहे, होमिओपॅथीत एमडी आहे, आणि ॲलोपॅथीत सुद्धा एमडी पॅथॉलॉजी म्हणजे लॅबवाले, एमडी ॲनेस्थेशिया म्हणजे भूलतज्ज्ञ, एमडी फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवणारे, हे सगळे खरेखुरे एमडी आहेत पण तुमच्या वडिलांच्या धापेसाठी ते नाहीत. शिवाय रशिया, फिलिपिन्स अशा देशांत पहिली डिग्रीच एमडी नावाची असते, ती इकडे एमबीबीएसच्या जागी धरली जाते आणि त्यासाठी स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते, २००२ पासून तसा नियम आहे. तेव्हा एमडीच्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं, मेडिसिन की पेडियाट्रिक्स की काय. लिहिलेलंच नसेल तर सरळ विचारायचं, "डॉक्टर, तुमचं एमडी कशात झालंय?" यात अपमान वगैरे काही नाही, मला कोणी विचारलं तर मी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवतो. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याबद्दल मला जरा शंकाच येते.

बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांबद्दल मात्र नीट लिहायला हवं कारण यात दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. आपल्याकडे वाडीवाडीत रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो, पीएचसीतही बरेचदा बीएएमएस डॉक्टर असतात आणि पावसाळ्यात रस्ता तुटला की त्यांच्याशिवाय कोणी नसतं. त्यांचंही शिक्षण साडेपाच वर्षांचंच आहे, फक्त शास्त्र वेगळं. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर होमिओपॅथी डॉक्टरांना फार्माकॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स करून काही ॲलोपॅथी औषधं द्यायची वाट मिळाली, पाटीवर सीसीएमपी लिहिलेलं दिसतं ते तेच. आयुर्वेदातल्या शल्य (सर्जरी) आणि शालाक्य (डोळे, कान-नाक-घसा) विषयांच्या एमएस लोकांना नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने ५८ शस्त्रक्रियांची यादी दिलीय, ३९ शल्याच्या आणि १९ शालाक्याच्या. यावर डॉक्टरांच्या संघटनांमध्ये खूप वाद झालेत, ते चालू राहोत, मला पेशंट म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय की समोरच्याचं शिक्षण कशात झालंय हे माहीत असणं हा तुमचा हक्क आहे, मग त्यांच्याकडे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या त्या होमिओपॅथी डॉक्टरांनी तिसऱ्या खेपेला तरी एक लघवीची तपासणी आणि ईसीजी करायला पाठवायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पण एमडी मेडिसिन झालेल्यांनीही असं केल्याची उदाहरणं मी पाहिलीत, तेव्हा दोष सगळा डिग्रीवर ढकलत नाही.

खात्री कशी करायची? ॲलोपॅथीचा प्रत्येक डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेला असतो आणि २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदणी नंबर दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पावतीवर असायलाच हवा. हल्लीच्या नंबरात आधी साल, मग महिना, मग क्रमांक असतो, जुन्या डॉक्टरांचे नुसते पाच आकडी. कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव किंवा नंबर टाकला की नोंद दिसते आणि पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरची एमडी-एमएससारखी डिग्री, नोंदवलेली असेल तर तीही दिसते. ही नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. आयुर्वेदाची आणि होमिओपॅथीची कौन्सिलं वेगळी आहेत, म्हणजे मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव सापडलं नाही तर माणूस लगेच बोगस ठरत नाही, आधी त्यांची शाखा विचारा. पण प्रिस्क्रिप्शनवर नंबरच नाही, डिग्री म्हणून आरएमपी (याचा अर्थ नुसता 'नोंदणीकृत डॉक्टर', ही डिग्री नव्हे) असलं काहीतरी लिहिलंय आणि प्रत्येकाला सलाईन लावतोय, असा कोणी असेल तर तिथून उठा.

नावापुढची बाकीची लांबण वाचताना एक लक्षात घ्या, परीक्षा देऊन मिळालेली अक्षरं वेगळी आणि वर्गणी भरून मिळालेली मेंबरशिप वेगळी. एमआरसीपी, एफआरसीएस या ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांच्या, परीक्षा देऊन मिळवतात. पण एफ आणि एम ने सुरू होणारी सगळीच तशी नसतात. फेलोशिप तर दोन वर्षांची पण असते आणि दोन आठवड्यांची पण. डायबेटॉलॉजिस्ट हा शब्द घ्या, त्या नावाची डीएम नाही, डीएम असते ती एन्डोक्रायनॉलॉजीत, म्हणजे डायबेटिस, थायरॉईड आणि बाकी हार्मोन्स. डायबेटॉलॉजिस्ट लिहिणारे बरेचसे एमडी मेडिसिन किंवा एमबीबीएस असून वर डायबेटिसचा कोर्स केलेले असतात. साध्या शुगरला ते उत्तम, उगाच एन्डोक्रायनॉलॉजिस्ट शोधत पुण्याला जायची गरज नाही. हार्ट स्पेशालिस्टचंही तसंच, पाटीवर हृदयरोगतज्ज्ञ असतं आणि खाली बघावं तर एमडी मेडिसिन किंवा एमबीबीएसवर क्लिनिकल कार्डिओलॉजीचा डिप्लोमा. बीपी आणि हार्टच्या नेहमीच्या गोळ्यांना ते पुरेसे आहेत पण अँजिओप्लास्टीची वेळ आली तर डीएम किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी बघा.

सरकारी पदांवरूनही मोठा गोंधळ होतो. सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक, हे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाचं पद आहे, ते स्वतः सर्जन असतीलच असं नाही. आमच्याकडे एक आजोबा हर्नियाचं ऑपरेशन "शिविल सर्जनच्याच हातान" करून घ्यायचं म्हणून दोन महिने थांबून राहिले होते आणि मधेच हर्निया अडकला, रात्रीत हलवायला लागलं, थोडक्यात वाचले. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ही पण कामकाजाची पदं. आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलात, मग ते ओरोसचं असो, डेरवणचं असो, बांबोळीचं असो की केईएम, तर पहिला जो तरुण डॉक्टर तुम्हाला तपासेल तो रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएस होऊन एमडी करत असलेला. शिकाऊ पोराने बघितलं म्हणून लोक हिरमुसून परत येतात. असं करू नका, तोच सगळं लिहून घेतो आणि वरच्या सरांना दाखवतो, आणि तुमचं ऐकायला वेळही त्याच्याकडेच असतो.

कुठल्या तक्रारीला कोण, यात सगळ्यात जास्त चुका जोड्यांमध्ये होतात. किडनीचे दोन डॉक्टर असतात. नेफ्रॉलॉजिस्ट डीएम, हा क्रिएटिनिन वाढणं, डायलिसिस, लघवीतून प्रोटीन जाणं बघणारा. आणि युरॉलॉजिस्ट एमसीएच, हा मुतखडा, प्रोस्टेट, लघवी अडकणं यांचा सर्जन. मुतखडा घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे बसलेली माणसं मी कितीतरी बघितलीत. मेंदूचंही तसंच, फिट, लकवा, कंपवात न्यूरॉलॉजिस्टचा आणि गाठ, डोक्याला मार न्यूरोसर्जनचा. मानसोपचारतज्ज्ञ एमडी असतो, औषध देऊ शकतो, सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, औषध देत नाही, आणि पुष्कळदा दोघंही लागतात. सांधेदुखीत तर फार हाल होतात. एक मावशी होत्या, मासे विकायच्या, सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं आखडलेली, मूठ वळायची नाही, ८ वर्षं हाडांच्या डॉक्टरांकडून दुखण्याच्या गोळ्या घेत राहिल्या आणि शेवटी बोटं वाकडी झाली, गोळ्यांनी क्रिएटिनिन पण वाढलं. सकाळचा आखडलेपणा, बोटांच्या छोट्या सांध्यांना सूज, हे हाडाचं दुखणं नव्हे, ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरचं, आणि तो जवळ नसला तर चांगल्या फिजिशियनचं. चढउतारावर गुडघा दुखतो, पडल्यावर दुखतो, ते हाडवाल्याचं.

माझी स्वतःची पण एक चूक सांगतो. एका बाईंना कुशीवर वळलं की गरगरायचं, मी घाबरून न्यूरॉलॉजिस्टकडे कोल्हापूरला पाठवलं, करूळ घाटाने उलट्या करत गेल्या, एमआरआय झाला, नॉर्मल. नंतर इथल्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवून मान दोन-तीनदा विशिष्ट पद्धतीने वळवली आणि चक्कर गेली. कानातले बारीक खडे जागेवरून सरकले होते, बस. वळल्यावर काही सेकंद गरगरणं हे बहुधा कानाचं असतं, हे तेव्हापासून कधी विसरलो नाही.

आणि काही वेळा योग्य डॉक्टर म्हणजे फक्त जवळचा डॉक्टर. फुरसं, घोणस चावली तर स्पेशालिस्ट शोधू नका, जिथे सर्पदंशाची लस आहे ते ग्रामीण रुग्णालय गाठा, नंतर पुढचं बघता येतं. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर आधी ईसीजी निघेल तिथे जा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितकं लवकर तितकं चांगलं, गाडीत बसून घाट चढत राहिलात तर तो वेळ निघून जातो. तोंड वाकडं झालं, एक हात पडला तर जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच थेट जायचं, मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. विंचवाचं तर आपल्या कोकणातलंच उदाहरण आहे, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, एमडी मेडिसिन, लाल विंचवाच्या दंशाला प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी कशी जीव वाचवते हे त्यांनी इथल्याच पेशंटांवर काम करून दाखवलं, ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सुपरस्पेशालिटीचा शिक्का नसलेला तालुक्यातला फिजिशियन काय करू शकतो ते यातून बघा. पावसाळ्यात भातलावणीनंतर ताप आणि पोटऱ्या दुखणं म्हटलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या हंगामात ताप म्हटलं की माकडताप, हे इथल्या डॉक्टरला लगेच सुचतं, मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरला तुम्ही गाव सांगितलं नाहीत तर कदाचित सुचणार नाही. म्हणून बाहेर दाखवताना कुठून आलो आणि काय काम करतो हे आवर्जून सांगा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे व्हिजिटिंग डॉक्टर. कोल्हापूर, बेळगाव, गोव्याहून सुपरस्पेशालिस्ट महिन्यातून एक-दोनदा इथे येतात, पाट्या लागतात. ओपीडीसाठी ही फार मोठी सोय आहे, तुमच्या वडिलांना पुढे गरज पडली तर मी हाच रस्ता सांगेन, आईला प्रवास नको आणि तुम्हाला रजा नको. पण ऑपरेशन म्हटलं की थांबून विचारा. अशी ऑपरेशनं तुम्ही महिन्याला किती करता? भूल कोण देणार? आणि सर शनिवारी ऑपरेशन करून कोल्हापूरला परत गेले की रविवारी रात्री पोट फुगलं, ताप आला तर बघायला कोण आहे, त्यांचं नाव काय आणि ते सर्जन आहेत का? माझ्या एका पेशंटला तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये फक्त सिस्टर होती आणि मी मध्यरात्री गाडी घेऊन गेलो, पण मी काही सर्जन नव्हे, मला तरी काय करता येणार होतं. तेव्हापासून हा प्रश्न मी पेशंटला कागदावर लिहून देतो. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठलं हॉस्पिटल कुठल्या आजारासाठी बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, हॉस्पिटल योजनेत असलं तरी तुमचं नेमकं ऑपरेशन त्यांच्याकडे योजनेत असेलच असं नाही.

मुंबईचं तिकीट कधी काढायचं? इथल्या फिजिशियनने नाव देऊन चिठ्ठी दिली तर. दरवर्षी गणपती आटपले की चाकरमानी आईवडिलांना घेऊन मुंबईला जातात, "एकदा सगळा चेकिंग करून टाकूया" म्हणून. चार ठिकाणी चार तपासण्या होतात, त्याच तपासण्या पुन्हा होतात, म्हातारी माणसं लोकलच्या गर्दीत हैराण होतात आणि परत येतात ती चार डॉक्टरांच्या मिळून चौदा गोळ्या घेऊन, त्यात एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सुपरस्पेशालिटीची ओपीडी ठराविक वारीच असते, तो वार आधी विचारल्याशिवाय गाडीत बसूच नका. आणि कुठेही जा, परत आल्यावर फाईल इथल्या एकाच डॉक्टरला दाखवा, सगळ्या गोळ्यांचा मेळ घालणारा एक माणूस हवाच.

तर आता तुम्ही काय करायचं. या आठवड्यात आईला फोन करून वडिलांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागवा, रिकाम्या पाकिटांसकट, आणि बीपीच्या गोळीत अम्लोडिपिन आहे का ते बघा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलीत लावायला सांगा, पिशवीत कोंबलेले नकोत. धाप कधीपासून, किती चाललं की लागते, रात्री किती उशा, पाय सकाळी उतरतात का, दोन्ही सुजतात की एकच (एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर ते वेगळं आणि घाईचं, त्याच दिवशी दाखवा), हे एका कागदावर लिहून काढा. मग देवगड किंवा कणकवलीला एमडी मेडिसिन असलेल्या कोणाकडेही सकाळी उपाशीपोटी घेऊन जायला सांगा, सोबत कोणीतरी जाणतं माणूस द्या कारण वडील डॉक्टरसमोर "काय नाय, बरो आसय" एवढंच सांगून उठतील. रिपोर्ट आले की क्रिएटिनिन किती, लघवीत प्रोटीन किती आणि ईसीजी-एकोवर काय लिहिलंय तेवढं मला कळवा, पुढची चिठ्ठी नेफ्रॉलॉजिस्टच्या नावे लागेल, कार्डिओलॉजिस्टच्या की फक्त गोळी बदलून भागेल, ते बघून सांगतो.